लुकमा देणारा कुणी हवा

रमजानचा चंद्र दिसला की मशिदीतून घोषणा होण्याआधीच मोबाइल वाजू लागतात. शुभेच्छांपाठोपाठ सहेरी-इफ्तारचे वेळापत्रक येते, रोज एक हदीस येते, कुराणातील आयतींचा मराठी अर्थ येतो, जकातीचा हिशेब येतो, मधुमेह असलेल्यांनी रोजा कसा सांभाळावा याची टिपणे येतात. गेली काही वर्षे रोजे आणि दहावीची परीक्षा एकाच सुमारास येत असल्याने गणिताच्या सरावपत्रिकाही त्यातच फिरतात. मदरशाची पायरी कधी न चढलेल्या आजीला नातवाच्या फोनवर आयतींचा अर्थ आपल्या भाषेत ऐकायला मिळतो, ही लहान गोष्ट नाही.

ज्ञान वाटणे हे इस्लाममध्ये मोठे पुण्यकर्म आहे. माणूस गेल्यानंतरही ज्या गोष्टींचे पुण्य त्याला मिळत राहते, त्यांत लोकांना उपयोगी पडणारे ज्ञान प्रेषित मुहम्मद (स.) यांनी गणले आहे. त्यामुळे रमजानमध्ये जो तो काही ना काही पुढे पाठवतो, यामागची भावना चांगलीच असते. प्रश्न भावनेचा नाही, हातात आले ते पारखून पुढे दिले की नाही याचा आहे.

साधे वेळापत्रकच घ्या. पूर्वी ते दुकानदार छापून वाटत. वर गावाचे नाव, खाली मशिदीचे नाव, कडेला दुकानाची जाहिरात. आज त्याचा फोटो फिरतो आणि फिरता फिरता कुणीतरी वरची-खालची कड कापून टाकतो. जाहिरात जाते, तिच्याबरोबर गावाचे नावही जाते. मुंबई आणि नागपूर यांच्यात रेखांशाचा फरक सहा अंशांहून थोडा अधिक आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली तर नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी मावळतो. नागपूरचे वेळापत्रक पाहून मुंबईत कुणी खजूर तोंडात टाकला, तर दिवसभराची तहान-भूक सोसूनही त्याचा रोजा सूर्यास्तापूर्वीच सुटलेला असतो. बहुतेक उलेमांच्या मते असा रोजा नंतर पुन्हा ठेवावा लागतो. उलट मुंबईचे वेळापत्रक नागपुरात वापरले, तर पहाट उजाडल्यावरही सहेरी चालूच राहते. वेळापत्रक खोटे नव्हते. ते कुठले आहे, एवढेच हरवले होते.

जकातीचेही तसेच. गरजा आणि कर्ज वजा जाता साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीइतकी मालमत्ता ज्याच्याकडे वर्षभर राहते, त्याने अडीच टक्के जकात द्यायची, असा मजकूर दरवर्षी येतो. मजकूर बरोबर आहे, पण त्यातला तोळा जुना आहे, ११.६६ ग्रॅमचा. त्या मापाने सोने ८७.४८ ग्रॅम आणि चांदी ६१२.३६ ग्रॅम होते. आज सराफाच्या पेढीवर तोळा म्हणजे १० ग्रॅम. तोच धरला तर चांदीची मर्यादा ५२५ ग्रॅमवर येते. या दोन आकड्यांच्या मधे जिची जेमतेम पुंजी आहे, अशी एखादी विधवा शिवणकामातून साठवलेल्या पैशातून जकात काढायला निघते. प्रत्यक्षात ती घेणाऱ्यांपैकी असते. त्यातच संदेशात गेल्या वर्षीचा चांदीचा भाव असला, तर हिशेब आणखी चुकतो.

तिसरा प्रकार अधिक गंभीर. रमजान कधी सुरू होणार ही बातमी जो सर्वांत आधी देईल त्याच्यावर नरकाची आग हराम होते, असा एक संदेश प्रेषितांच्या नावाने अनेक वर्षे फिरतो आहे. हदीसच्या प्रमाण संग्रहांत असे वचन नाही. ते बनावट असल्याचे उलेमांनी वारंवार सांगितले आहे. तरीही शाबान महिना आला की ते उगवते, कारण एका बोटाच्या कामाला एवढे मोठे बक्षीस आणखी कुठे मिळणार? प्रेषितांनी मात्र आपल्या नावावर जाणूनबुजून खोटे खपवणाऱ्याला फार कडक इशारा दिला आहे.

याच हदीसच्या बाबतीत आधीच्या पिढ्यांनी घेतलेले कष्ट पाहण्यासारखे आहेत. प्रेषितांचे सहकारी हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह यांना समजले की, एक वचन अब्दुल्लाह बिन उनैस यांनी स्वतः प्रेषितांकडून ऐकले आहे आणि ते सध्या शाम देशात राहतात. जाबिर यांनी उंट खरेदी केला, महिनाभर प्रवास केला आणि त्यांच्या दारात उभे राहून ते वचन त्यांच्याच तोंडून ऐकले. एका हदीससाठी एक महिन्याची वाट!

पुढे यातूनच एक शास्त्र उभे राहिले. वचन सांगताना ते कुणाकडून ऐकले, त्याने कुणाकडून ऐकले, अशी थेट प्रेषितांपर्यंतची साखळी सांगावी लागे. या साखळीला सनद म्हणतात. त्यातील प्रत्येक माणसाची स्मरणशक्ती, सचोटी, तो कुठे राहिला, कुणाला भेटला हे तपासले जाई. त्यावरून वचन सहीह, हसन, जईफ की मौजू, म्हणजे बनावट, हे ठरे. बुखारा शहरात इ. स. ८१० मध्ये जन्मलेल्या इमाम बुखारी यांचा संग्रह याच कसोटीवर उभा आहे. ‘आला तसा पाठवला’ हे उत्तर त्या जगात चालत नव्हते.

आपल्या मराठी मातीलाही हे नवे नाही. ज्ञानेश्वरी इ. स. १२९० ची. पुढची तीनशे वर्षे ती हाताने उतरवली जात राहिली आणि नकलांमध्ये चुका शिरल्या. काहींनी भक्तीच्या भरात स्वतःच्या ओव्याही घातल्या. पैठणच्या संत एकनाथांनी अनेक पोथ्या ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. या ग्रंथात कुणी आपली ओवी मिसळू नये, असेही त्यांनी शेवटी बजावले. श्रद्धा असलेल्या माणसानेच तपासणीचे काम अंगावर घेतले. तपासणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे, हे नाथांनी दाखवून दिले.

मशिदीत तर हे रमजानच्या प्रत्येक रात्री घडते. तरावीहच्या नमाजमध्ये हाफिज कुराण तोंडपाठ म्हणतात. त्यांच्या मागे पहिल्या रांगेत दुसरे हाफिज उभे असतात, त्यांना सामे म्हणतात. त्यांचे काम ऐकण्याचे. पुढच्यांकडून एखादा शब्द सुटला, एखादी आयत मागेपुढे झाली, की ते तिथल्या तिथे योग्य शब्द उच्चारतात. याला लुकमा देणे म्हणतात. लुकमा म्हणजे घास. इमाम तो शब्द घेतात, दुरुस्त करून म्हणतात आणि नमाज पुढे चालू राहते. मागे उभ्या असलेल्या शेकडो लोकांसमोर चूक दाखवली गेली म्हणून कुणी रागावत नाही. ज्याला कुराण मुखोद्गत आहे त्यालाही मागे ऐकणारा लागतो, यात कमीपणा नाही.

मोबाइलवरच्या गटात मात्र हे ऐकणारे कमी पडतात. काकांनी पाठवलेल्या संदेशावर पुतण्या बोलत नाही, कारण मोठ्यांचा मान. मित्र बोलत नाही, कारण सणासुदीत वाद नको. म्हणून दुरुस्तीची रीतही शिकावी लागेल. वेळापत्रक पाठवताना गाव आणि वर्ष लिहावे. हदीस पाठवताना संग्रहाचे नाव द्यावे, ठाऊक नसेल तर आधी मौलानांना विचारावे. जकातीचा हिशेब ग्रॅममध्ये आणि त्या दिवसाच्या भावाने करावा. औषधाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. चूक दिसली तर पाठवणाऱ्याला आधी एकट्याला सांगावे आणि पाठवणाऱ्याने दुरुस्ती त्याच गटात टाकावी. लुकमा घास भरवावा तसा द्यायचा असतो, दगड मारावा तसा नाही.

कुराणाच्या सूरह हुजुरातमध्ये सांगितले आहे की, बेभरवशाच्या माणसाने आणलेली बातमी आधी तपासा, नाहीतर अजाणता कुणाचे नुकसान होईल आणि मग पस्तावाल. हे केवळ मुस्लिमांच्या गटांपुरते नाही. ईदच्या आदल्या रात्री गेल्या वर्षीचे चंद्रदर्शनाचे पत्रक फिरू लागले, तर फसगत फक्त रोजेदारांची होत नाही. शीरखुर्म्यासाठी जादा दूध मागवून ठेवणारा गवळी, रात्रभर कपडे शिवणारा शिंपी, उद्याच्या सुट्टीचा विचार करणारे शेजारी, सारेच त्या पत्रकावर विसंबतात. पाठवण्याआधी पत्रकावरची तारीख वाचायला दोन सेकंद लागतात. महिनाभर उंटावरून जाण्याच्या मानाने हे काम सोपे आहे.