तारेवाचून संगणक

संगणकाच्या मागच्या बाजूला कधी डोकावून पाहिले आहे का? कीबोर्डची तार, माउसची तार, प्रिंटरची तार. कोणती कुठे गेली हे शोधायला टेबलाखाली शिरावे लागते. या तारा काढून टाकता येतात. पण त्याआधी तार नेमके काय करते, ते पाहू या.

कीबोर्डची तार तीन कामे करते. ती संदेश नेते, वीज पुरवते, आणि तिसरे काम सहसा ध्यानात येत नाही, ते म्हणजे संदेश परक्याच्या हाती सहजासहजी पडू देत नाही. तार गेली की या तिन्ही कामांची सोय दुसरीकडून लावावी लागते.

संदेशाचे काम रेडिओलहरींकडे सोपवले आहे. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीने १९९४ साली या दिशेने सुरुवात केली. १९९८ साली इंटेल, आयबीएम, नोकिया व तोशिबा तिला येऊन मिळाल्या आणि ‘ब्लूटूथ’ ही सामाईक पद्धत ठरली. नाव दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाचे!

या लहरींची कंपने सेकंदाला सुमारे २४० कोटी. पंचाईत अशी की याच पट्ट्यात वायफायही बोलते आणि मायक्रोवेव्ह भट्टीही खरखर करते. मग या गलबल्यात माउसचं कोण ऐकणार? तोड अशी निघाली की मूळ पद्धतीत पट्ट्याचे ७९ भाग पाडले आणि दोन्ही यंत्रांनी ठरलेल्या क्रमाने, सेकंदाला १६०० वेळा, एका भागातून दुसऱ्यात उडी घ्यायची. भर जत्रेत दोघांनी जागा बदलत बदलत बोलावे, तसाच हा प्रकार. एका ठिकाणी गोंगाट असला तर तेवढाच तुकडा हरवतो. तो पुन्हा धाडता येतो.

विजेसाठी सेल घालावे लागतात. २०१० साली कमी विजेवर चालणारी पद्धत आली. तिच्यात काम नसेल तेव्हा यंत्र झोपी जाते, म्हणून माउसचे सेल महिनोन्महिने पुरतात.

तिसरे काम मात्र नाजूक आहे. लहर भिंत ओलांडून शेजारीही जाते. २०१६ साली अमेरिकेतल्या बास्टिल या संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले की काही स्वस्त बिनतारी कीबोर्ड प्रत्येक अक्षर उघड्यावरच धाडतात, आणि ते अडीचशे फुटांवरूनही टिपता येते. हे कीबोर्ड ब्लूटूथचे नव्हते. पण विचार करा, बँकेचा परवलीचा शब्द आपण कीबोर्डावरच तर टाइप करतो!

यावर उपाय सांकेतिक भाषेचा. ब्लूटूथ यंत्रांची पहिली जोडणी होताना दोघांत एक गुप्त किल्ली ठरते आणि पुढचा मजकूर तिनेच कुलूपबंद होतो. तेव्हा पडद्यावर सहा आकडे दिसले तर घाईने ‘हो’ म्हणू नका. दोन्हीकडचे आकडे ताडून पाहा. कीबोर्ड घेताना तो मजकूर सांकेतिक करून पाठवतो का, हे दुकानदाराला विचारा. आणि प्रिंटर संगणकाशेजारीच कायमचा बसणार असेल, तर त्याची तार खुशाल राहू द्या.