विद्वत्तेची मोजदाद

एखाद्या राज्यशास्त्रज्ञाने किती लिहिले एवढ्यावरच न थांबता, त्याच्या लेखनाचा आधार इतर अभ्यासकांनी किती वेळा घेतला हेही पाहिले पाहिजे, या विचाराला यूजीन गारफील्ड यांच्या १९६४ सालच्या संदर्भसूचीने पद्धतशीर दप्तर मिळवून दिले. आणि २००५ साली होर्हे हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने लेखसंख्या व प्रभाव यांना एकाच आकड्यात बसविणारा ‘एच-निर्देशांक’ सुचविला. समजा, कोणा अभ्यासकाच्या पाच लेखांचे इतरांनी अनुक्रमे ४०, १२, ५, ४ व २ वेळा संदर्भ दिले आहेत. निदान चार संदर्भ लाभलेले लेख चार भरतात, म्हणून त्याचा निर्देशांक ४. पहिल्या लेखाला चाळीसऐवजी चार हजार संदर्भ मिळते, तरी हा आकडा तसूभर हलला नसता!

राज्यशास्त्रात ही उणीव फार जाणवते, कारण या शास्त्रातील मोलाचे काम पुष्कळदा ग्रंथरूपाने होते. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी स्वित्झर्लंडमधील सामाईक कुरणे आणि स्पेनमधील पाटांचे पाणी यांचा कारभार तेथील रहिवासी स्वतःच्या नियमांनी पिढ्यान्‌पिढ्या कसा सांभाळीत आले, हे ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ या १९९० सालच्या ग्रंथात अत्यंत साक्षेपाने दाखविले. राज्यशास्त्राच्या या विदुषीला २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निर्देशांकाच्या हिशेबात मात्र तो अपूर्व ग्रंथ एखाद्या बेताच्या निबंधाप्रमाणे एकाच कृतीची भर घालतो. शिवाय खंडनासाठी दिलेला संदर्भ आणि कृतज्ञतेने दिलेला संदर्भ, दोन्ही तेथे सारख्याच किमतीने जमेस धरले जातात.