आस

तांडेलकाकांनी जाळ्याचा हातभर तुकडा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "ओढा." मी एक टोक धरून ओढलं. मघापर्यंत शंकरपाळ्यासारखी उघडी दिसणारी घरं बघता बघता मिटली. हातात जाळं उरलंच नाही, दोर उरला. मग त्यांनी दुसरा तुकडा दिला. धागा तोच, घराचं मापही तेच, फक्त घरं खिडकीच्या गजांसारखी सरळ, उभी-आडवी. पुन्हा ओढलं. एकही घर मिटलं नाही. "सगळा तंटा एवढ्याचाच," काका म्हणाले आणि पुन्हा सुई हातात घेतली.

जुलै महिना. रत्नागिरीच्या दक्षिणेचं एक लहानसं बंदर. बाहेर पावसाची झड, होड्या शाकारलेल्या, आणि पडवीत जाळी सांधायचं काम. जाळ्याच्या या घराला किनाऱ्यावर 'आस' म्हणतात. हा आस पुल्लिंगी. मनाला लागते ती आस स्त्रीलिंगी, आणि व्याकरणापुरता दोघांचा संबंध तिथेच संपतो. पण पडवीत बसून ऐकताना माझी दोघांत सारखी गल्लत होत होती, हे कबूल करतो.

समुद्र वाचवायचा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कासवं येतात, प्रवाळ येतं, किनाऱ्यावरचं प्लास्टिक येतं. ते सगळं खरंच आहे. पण मासा जगणार की संपणार याचा फैसला बऱ्याच अंशी आस किती मिलिमीटरचा, यावर होतो. तो मोजायचीही रीत आहे: जाळं ताणून, समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर.

जुन्या जाळ्यांना हे गणित ठाऊक होतं. दालदी घ्या. पाण्यात पडद्यासारखी उभी तरंगणारी ही भिंत. मासा तिच्यात डोकं घालतो. लहान असला तर आरपार जातो, फार मोठा असला तर डोकंच शिरत नाही, आणि मधल्या मापाचा कल्ल्यांपाशी अडकतो. म्हणजे कोणता मासा धरायचा हे जाळं विणतानाच ठरलेलं असतं. रापणीची गोष्ट वेगळी. ती किनाऱ्यावरून ओढायची, दोराला गावातल्या कोणीही हात लावावा आणि वाटा घेऊन जावं. तिचाही आस बारीक असतो, पण पोच किनाऱ्यापुरती. माणसांच्या दंडात जेवढं बळ, तेवढीच तिची भूक.

डोलीला मात्र मी झुकतं माप देणार नाही. परंपरागत म्हणून सगळंच निर्दोष, असं मानायची आपल्याला खोड आहे. वसई, अर्नाळा, वर्सोवा या पट्ट्यात खांबांना बांधलेलं हे शंकूसारखं जाळं भरती-ओहोटीच्या धारेत तोंड उघडून उभं राहतं. पुढच्या म्होरेचे आस मोठे, आणि मागे मागे बारीक होत शेवटच्या पिशवीत, म्हणजे खोल्यात, अगदी दाट. बोंबील आणि जवळा यांच्यासाठी तसंच लागतं. पण त्याच धारेत पापलेटची पिल्लंही वाहत येतात, आणि खोल्याला जवळा कोणता आणि पिल्लू कोणतं हे कळत नाही.

यंत्राचं जाळं आलं आणि प्रमाणच बदललं. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. हेतू चांगला होता: गरीब मच्छीमारांना सुधारलेल्या होड्या, बर्फ, आरोग्यसेवा. पण पुढे कोळंबीला परदेशी गिऱ्हाईक मिळालं आणि प्रकल्पातून रुजलेलं ट्रॉल जाळं सगळ्या किनाऱ्यांवर पसरलं. ट्रॉल म्हणजे तळ खरवडत ओढली जाणारी भलीमोठी पिशवी. कोळंबी बोटाएवढी, ती निसटू नये म्हणून खोल्याचा आस बारीक. मग कोळंबीबरोबर जे जे तळाशी होतं ते सगळं वर येतं. त्यातलं विकाऊ ते बर्फात जातं, बाकीचं फिशमीलच्या कारखान्यात. तिथे त्याची पूड होते आणि ती कोंबड्यांच्या नि तळ्यात वाढवलेल्या कोळंबीच्या खाद्यात मिसळली जाते. समुद्रातली कोळंबी धरताना जे पिल्लू मेलं, ते तळ्यातल्या कोळंबीच्या पोटात. आणि या तळ्यातल्या कोळंबीला आपण समुद्रावरचा भार हलका करणारी म्हणतो!

पडवीतले ते दोन तुकडे इथे कामाला येतात. ट्रॉल ओढताना सगळा ताण मागच्या खोल्यावर येतो. शंकरपाळी आस ताणाने मिटतात. कागदावर ४० मिलिमीटरचा आस पाण्याखाली फटीएवढा उरतो. नियम पाळला, पिल्लू मेलंच. चौकोनी आसात निम्मे धागे ओढीच्या दिशेने सरळ पडतात, ताण तेच झेलतात आणि घर उघडं राहतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाची शिफारस केली. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने चाललेल्या प्रकल्पात ट्रॉलरवाल्यांमध्ये त्याचा प्रसारही झाला. एवढी स्वस्त, एवढी सरळ सुधारणा दुसऱ्या कुठल्या उद्योगात असेल असं मला वाटत नाही. कारखान्याला धुराडं बदलावं लागतं, इथे फक्त जाळं पंचेचाळीस अंशात फिरवायचं!

लहानांसाठी भोक, तसंच मोठ्यांसाठीही भोक असतं. कासव ट्रॉलमध्ये सापडलं की श्वासाला वर येऊ न शकल्याने गुदमरून मरतं. म्हणून जाळ्यात तिरका गजांचा सांगाडा बसवतात. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांवर आपटून वरच्या झडपेतून बाहेर पडतं. आपल्या ट्रॉलरांवर हा सांगाडा दिसेना, म्हणून २०१९ पासून अमेरिकेने भारताची समुद्रात धरलेली कोळंबी घेणं बंद केलं. त्यानंतर आपल्याकडे सांगाड्याची चर्चा एकदम जोरात सुरू झाली. गिऱ्हाईक गेल्यावर कासव आठवलं, असं म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्राने कासवाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मनापासून केली आहे. डिसेंबर २०१८पासून वन आणि मत्स्यव्यवसाय विभागांची योजना अशी: कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन असा संरक्षित जीव जाळ्यात आला, मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं आणि त्याचे फोटो वा व्हिडिओ दिले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. तिच्यात मला आवडतं ते एवढंच, की ज्याच्या हातात सुरी आहे त्याला ती आधी विचारात घेते. जाळं म्हणजे त्याचं भांडवल. भांडवल कापा म्हणून उपदेश करणं सोपं असतं.

याउलट लहान माशाचं. २०२३च्या सप्टेंबरात पापलेटला राज्य मासा हा मान मिळाला, आणि त्याच वर्षी सरकारने ५४ प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्यामागे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची शिफारस होती. केरळने हीच वाट २०१५ साली १४ प्रजातींपासून धरली होती.

आकडे पाठ करून मी मुंबईच्या उपनगरातल्या एका बाजारात गेलो. सुरमईला शाळेची फूटपट्टी पुरत नाही, वर अडीच इंच आणखी लागतात, तेव्हा तिचं सोडून दिलं. पापलेटच्या वाट्याजवळ खिशातलं बॉलपेन काढून आडवं धरलं. मासा पेनापेक्षा चांगला बोटभर आखूड. मावशी माझ्याकडे बघत होत्या.

"मोजतोस काय? घे ना. तव्यात चार मावतील."

"मावशी, हे फार लहान आहे. धरायला बंदी आहे याला."

"मग मोठं घे की," म्हणून त्यांनी बर्फाखालून एक ताटलीएवढं काढलं आणि भाव सांगितला. मी गप्प झालो. माझ्या मागची बाई तो लहान वाटा घेऊन गेलीसुद्धा.

कायद्यात दंड नाही असं नाही. १९८१च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि एलईडी दिव्यांनी मासेमारी करणाऱ्याला ५ ते २० लाख रुपये दंडाची तरतूद आली. रात्री समुद्रावर लख्ख दिवे पेटवायचे, झेपावून आलेल्या झुंडीला जाळ्याचा फेर घालायचा, असा तो प्रकार. केंद्राने तर २०१७ सालीच त्याला मनाई केली होती. पण राज्याची हद्द १२ सागरी मैल. त्यापलीकडे केंद्राची. दिवा बाराव्या मैलाच्या अलीकडे पेटला की पलीकडे, यावर दोन खात्यांची पत्रं चालतात, आणि मासा हद्द बघून पोहत नाही. २०२५च्या जानेवारीपासून किनाऱ्यावर ड्रोनही फिरू लागले. ड्रोनला नौका दिसते, आस दिसत नाही.

पावसाळी बंदीचंही तसंच. पूर्वी महाराष्ट्रात ती १० जूनपासून होती, नारळी पौर्णिमेला नारळ सोडेपर्यंत होड्या घाटावर. २०१५ साली केंद्राने पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै असे एकच ६१ दिवस ठरवले. सोय झाली खरी, पण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्याची विश्रांती गेली. आणि ज्या वैशाखात पिल्लं जाळ्यात येतात, त्याला या तारखांनी हातही लावलेला नाही.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवी. थंड समुद्रात एका जाळ्याला साधारण एका जातीचा मासा. आपल्या समुद्रात एका ओढीत पन्नास जाती. पापलेटला योग्य तो आस लावला तर जवळा सगळाच जाईल, आणि जवळ्यावर जगणारी घरं वसईपासून वर्सोव्यापर्यंत आहेत. म्हणून एकच आस सगळीकडे ठोकणं हे मुंबईत बसून सुचणारं उत्तर. कुठल्या महिन्यात, कुठल्या धारेत, कोणत्या जाळ्याला किती, हे ज्यांच्या पडवीत जाळी सांधली जातात त्यांच्याशी बसूनच ठरेल.

निघताना काकांना विचारलं, "तुमच्याकडे चौकोनी खोला आहे का?"

"आहे की. प्रकल्पवाल्यांनी दिलेला. नवा कोरा." त्यांनी सुईनेच वर दाखवलं. माळ्यावर, वाशांच्या मधे, निळं गाठोडं होतं. उंदरांनी त्याचा एक कोपरा कुरतडलेला.

"लावत का नाही?"

"लावू. शेजारी लावतो का बघतोय."

"आणि शेजारी?"

काका हसले. "तो माझ्या माळ्याकडे बघतोय."