परदेशातला मुक्काम आणि नागरिकत्वाचा अर्ज : दिवस नेमके कसे मोजतात?

(धाराशिव येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या विषयाचं नाव कोरडं आहे, मला कल्पना आहे. पण आत येताना दोघांनी मला दारातच गाठलं. एका काकांनी विचारलं, "मुलगा बारा वर्षं अमेरिकेत आहे, त्याचं इथलं नागरिकत्व गेलं का हो?" मग एका ताईंनी विचारलं, "सून परदेशी आहे, लग्नाला सात वर्षं झाली, आता अर्ज करता येईल ना?" काकांच्या मुलानं तिकडचं नागरिकत्व घेतलेलं नाही, आणि ताईंची सून इथं येऊन तीनच वर्षं झालीत. त्यामुळे दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर "नाही" असंच आहे. मात्र दोन्ही "नाहीं"ची कारणं वेगळी आहेत, आणि आजचं सगळं व्याख्यान म्हणजे ती कारणं समजून घेणं.

सुरुवात एका गृहस्थांपासून करतो. नाव-गाव सांगत नाही. आपल्याच जिल्ह्यातले. तीस वर्षं अमेरिकेत नोकरी केली, तिकडचं नागरिकत्व घेतलं, निवृत्त झाले आणि आईजवळ राहायला गावी आले. हातात ओसीआय कार्ड होतं. थोरल्या भावाला मुलीच्या लग्नासाठी आपल्या वाट्याची जमीन विकायची होती, आणि यांना वाटत होतं की ती घरातच राहावी. पण ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आली तर येते, खरेदी मात्र करता येत नाही. म्हणून त्यांनी पुन्हा भारतीय नागरिक व्हायचं ठरवलं. बारा महिने इथं राहावं लागतं, एवढं त्यांनी ऐकलेलं होतं. दहा महिने झाले आणि तिकडे नात झाली. ५२ दिवस जाऊन आले. परत आल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाले, "आता दोनच महिने राहिले."

दोन महिने राहिले नव्हते. जवळपास पहिल्यापासून मोजायचं होतं. का, ते पुढे सांगतो.

नुसतं परदेशात राहिल्यानं काही जात नाही

आधी काकांचा प्रश्न. नागरिकत्व कायदा, १९५५. त्याचं कलम ९ सांगतं की भारताच्या नागरिकानं स्वतःच्या इच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की इथलं संपतं. म्हणजे जातं ते दुसरं नागरिकत्व घेतल्यानं. जन्मानं भारतीय असलेला माणूस चाळीस वर्षं दुबईत राहिला, तरी तो भारतीयच. ग्रीन कार्ड घेतलं म्हणूनही काही जात नाही, कारण ग्रीन कार्ड म्हणजे तिथं कायम राहण्याची परवानगी. पासपोर्टची मुदत संपली म्हणूनही नागरिकत्व संपत नाही.

गोंधळ होतो तो "एनआरआय" या शब्दामुळे. आयकराच्या हिशेबात १८२ दिवसांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती कर किती भरायचा यासाठी आहे. करासाठी "अनिवासी" झालेला माणूस नागरिक म्हणून पूर्ण भारतीय असतो. दोन वह्या वेगळ्या आहेत, एकीतला आकडा दुसरीत चढवू नका.

परत यायचं असेल तर : सलग बारा महिने

आता आपल्या गृहस्थांकडे येऊ. पूर्वी जो स्वतः भारताचा नागरिक होता, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी एक जण स्वतंत्र भारताचा नागरिक होता, त्याच्यासाठी कलम ५ मध्ये नोंदणीची वाट आहे. अट अशी, की अर्ज करण्याच्या लगेच आधीचे बारा महिने त्याचं वास्तव्य भारतात हवं. दुसरी वाट ओसीआय कार्डाची. कार्ड घेऊन पाच वर्षं झालेली हवीत, आणि तिथंही अर्जाआधीचे बारा महिने भारतात.

यातला महत्त्वाचा शब्द आहे "लगेच आधीचे". आपण मोजतो पुढच्या दिशेनं, म्हणजे आलो त्या दिवसापासून एक, दोन, तीन महिने. कायदा मोजतो मागच्या दिशेनं. ज्या दिवशी अर्ज टाकाल, त्या दिवसापासून बारा महिने मागे जायचं आणि त्या पट्ट्यात तुम्ही कुठं होतात ते बघायचं. आमच्या गृहस्थांनी दोन महिन्यांनी अर्ज टाकला असता, तर ते ५२ दिवस बरोब्बर त्या पट्ट्यात आले असते. आधीचे दहा आणि नंतरचे दोन अशी बेरीज इथं चालत नाही.

सवलत अजिबात नाही का? आहे. २०१५ च्या दुरुस्तीनं केंद्र सरकारला अधिकार दिला, की विशेष परिस्थिती असेल तर तिची लेखी नोंद करून जास्तीत जास्त ३० दिवसांची सूट देता येईल, आणि ते दिवस तुकड्यातुकड्यांत असले तरी चालतील. पण नीट ऐका. ही सूट सरकार "देऊ शकतं", ती आपला हक्क नाही. आणि कमाल मर्यादा ३० ची आहे. ५२ त्यात बसत नाहीत.

त्या गृहस्थांनी तिकीट काढण्याआधी विचारलं असतं, तर मी काय सांगितलं असतं? "शक्य असेल तर दोन महिने थांबा, अर्ज टाका, मग जा." कारण बारा महिन्यांची मोजणी अर्जाच्या दिवशी थांबते. आता नात काही कायदा बघून जन्माला येत नाही. कदाचित ते तरीही गेले असते, आणि मी त्यांना दोष दिला नसता. पण काय देऊन काय घेतोय, हे त्यांना माहीत असतं. अर्जानंतर चौकशी आणि मंजुरीला वेळ लागणारच होता, त्यात हे वर्षभर वाढलं. भावाला तेवढं थांबणं जमलं नाही. जमीन तिसऱ्यानं घेतली.

परदेशी सून : लग्नाची नव्हे, राहण्याची सात वर्षं

आता ताईंचा प्रश्न. भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या व्यक्तीला नोंदणीनं नागरिकत्व मिळू शकतं, त्यासाठी सात वर्षं. पण ही सात वर्षं लग्नाच्या तारखेपासून नाहीत, भारतात राहण्याची आहेत. त्यांचे दोन भाग असतात. पहिला, अर्जाआधीचे पूर्ण बारा महिने भारतात. दुसरा, त्या बारा महिन्यांच्या आधीच्या आठ वर्षांत किमान सहा वर्षं भारतात. म्हणजे त्या आठांत दोन वर्षांपर्यंत बाहेर राहिलेलं चालतं, शेवटच्या वर्षात मात्र नाही.

उदाहरण घेऊ. समजा, लग्न २०१६ साली झालं. जोडपं सिंगापूरला राहिलं आणि जून २०२० मध्ये कळंबला आलं. सूनबाई दर वर्षी महिनाभर माहेरी जातात. तर जून २०२६ पर्यंत कॅलेंडरवर सहा वर्षं झाली, पण सहा महिने माहेरपणात गेले. सहा वर्षांचा मुक्काम भरायला २०२६ संपत येईल. त्यानंतर बारा महिने माहेर बंद. म्हणजे अर्ज करेपर्यंत २०२८ उजाडेल. लग्नाला तोवर बारा वर्षं झालेली असतील.

हीच सात वर्षांची अट भारतीय वंशाच्या परदेशी व्यक्तीलाही आहे. आणि ही अट वाढत आलेली आहे. १९५५ च्या मूळ कायद्यात भारतीय वंशाच्या व्यक्तीला सहा महिने पुरत. १९८६ मध्ये पाच वर्षं झाली, २००३ च्या दुरुस्तीनं सात. त्यामुळे "आमच्या आत्याचं तर लगेच झालं होतं" हे खरं असेलही, पण ते त्या काळचं.

कुठलंच नातं नसेल तर

ज्याचं भारताशी रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नाही, त्याच्यासाठी कलम ६ आहे. त्याला देशीयकरण म्हणतात. अर्जाआधीचे सलग बारा महिने, आणि त्याआधीच्या १४ वर्षांत मिळून ११ वर्षं. इथंही ३० दिवसांची तीच सवलत. अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तान इथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी २०१९ च्या दुरुस्तीनं ११ ची ५ वर्षं केली.

बाहेरून येऊन इथले झालेल्यांचं नाव आपल्याला शोधावं लागत नाही. गेल ऑम्वेट अमेरिकेत जन्मल्या, महात्मा फुल्यांच्या चळवळीचा अभ्यास करायला आल्या, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात राहिल्या आणि १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या.

तिकडच्या अर्जासाठी इकडचे दिवस

हेच गणित आपल्या मुलांना तिकडे उलटं लागू होतं. अमेरिकेत साधारणपणे ग्रीन कार्ड मिळाल्यावर पाच वर्षांनी अर्ज करता येतो, आणि त्या पाच वर्षांतले किमान ३० महिने प्रत्यक्ष तिथं काढलेले हवेत. शिवाय एकाच फेरीत सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात, तर सलगता तुटली असं धरलं जातं आणि ती तुटली नाही हे तुम्हाला पुराव्यानं दाखवावं लागतं. फेरी एक वर्षाची झाली, तर सलगता तुटतेच.

ब्रिटनमध्ये पाच वर्षांत ४५० दिवसांपेक्षा जास्त बाहेर नको, आणि शेवटच्या वर्षात ९० पेक्षा जास्त नको. कॅनडात पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष हजर हवं.

आता उमरग्याला वडिलांचं ऑपरेशन झालं, मुलगा अमेरिकेहून आला, आणि "एवढा आलायस तर राहा की दिवाळीपर्यंत" असं आपण म्हणतो. आग्रह प्रेमाचाच असतो. पण मुक्काम पाच महिन्यांचा की सात महिन्यांचा, यानं त्याच्या अर्जाला मोठा फरक पडतो. तो संकोचानं बोलणार नाही. आपणच विचारावं, "तुझे दिवस किती झाले?"

मिळाल्यानंतरही वही मिटत नाही

एक कलम फार कमी लोकांना माहीत असतं. देशीयकरणानं किंवा काही प्रकारच्या नोंदणीनं भारतीय झालेली व्यक्ती सलग सात वर्षं भारताबाहेर राहिली, तर कलम १० खाली सरकार तिचं नागरिकत्व काढून घेऊ शकतं. त्या काळात ती विद्यार्थी असेल, भारतातल्या सरकारच्या किंवा भारत सदस्य असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सेवेत असेल, किंवा दर वर्षी भारतीय वकिलातीत "मला नागरिकत्व कायम ठेवायचं आहे" अशी नोंद करत असेल, तर हे कलम लागत नाही. जन्मानं नागरिक असलेल्यांना ते लागूच नाही. पण ताईंच्या सूनबाईंनी उद्या नागरिकत्व घेतलं आणि मुलासोबत परत बाहेर गेल्या, तर त्यांनी हे लक्षात ठेवावं.

"राहणं" म्हणजे काय?

मंडळी, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. फाळणीनंतर कितीतरी माणसं सीमेपलीकडे गेली आणि काही परत आली. १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात स्थलांतरित झाला, तो नागरिक धरला जाणार नाही, असं घटनेचा अनुच्छेद ७ सांगतो. मग नातेवाइकांना भेटायला गेलेल्याचं काय? सर्वोच्च न्यायालयानं १९६६ मध्ये सांगितलं, की ठरावीक कामासाठी, थोड्या आणि मर्यादित काळासाठी जाणं म्हणजे स्थलांतर नव्हे.

याची दुसरी बाजू १९९१ च्या निकालात दिसते. बेल्जियमचे एक मिशनरी, लुई द राएट, १९३७ पासून भारतात होते. घटना लागू होण्याआधी पाचच काय, बारा वर्षं ते इथं राहत होते. तरीही न्यायालयानं त्यांचा नागरिकत्वाचा दावा मान्य केला नाही. नुसता दीर्घ मुक्काम पुरेसा नाही, इथंच कायमचं राहण्याचा इरादाही दिसायला हवा होता.

म्हणजे दिवस भरणं ही पहिली पायरी. ते भरले नाहीत तर अर्जच उभा राहत नाही. भरले तरी निर्णय सरकारच्या हातात असतो.

शेवटी, घरी जाऊन काय करायचं?

पासपोर्ट काढा. जुना, रद्द झालेला पासपोर्टही फेकू नका. प्रत्येक फेरीची जाण्याची आणि येण्याची तारीख एका वहीत उतरवा. आपल्या शेतासाठी सातबारा जसा, तसे या अर्जासाठी विमानतळावरचे शिक्के. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागद जिल्हाधिकारी कार्यालयात. तिथून चौकशी होऊन राज्य सरकारकडे आणि पुढे केंद्रीय गृह मंत्रालयाकडे. जुन्या दाखल्यावर उस्मानाबाद आणि नव्या कागदावर धाराशिव असेल, तर घाबरू नका. अर्जात दोन्ही नावं लिहा.

एका श्रोत्यानं चिठ्ठी पाठवलीय : "त्या गृहस्थांचं पुढे काय झालं?" सांगतो. ते दुसऱ्यांदा बारा महिने राहिले, कुठंही गेले नाहीत, आणि अर्ज टाकला. मी म्हटलं, "आता जमीन तर राहिली नाही." ते म्हणाले, "मतदार यादीत आईच्या नावाखाली माझं नाव होतं. ते परत आलं पाहिजे."

थांबतो.