पोकलेन अडलं, तर आधी काय पाहावं?

निफाड-दिंडोरीत शेततळं खोदायचं असो की इगतपुरीकडे रस्त्यासाठी डोंगर फोडायचा, जेसीबी-पोकलेनशिवाय काम हलत नाही. या यंत्रांचं वय किलोमीटरवर नव्हे, तासांवर मोजतात. सर्व्हिसही अवर मीटर पाहूनच करायची. किती तासांनी काय बदलायचं ते कंपनीच्या पुस्तिकेत असतं. पिना-बुशांना ग्रीस मात्र रोज हवंच. नाशिकच्या काळ्या पाषाणाचा चुरा कोरड्या सांध्यात शिरला की पिना झिजतात आणि बकेट खडखडू लागते.

सगळी ताकद हायड्रॉलिक तेलाच्या दाबात. त्यामुळे बिघाड शोधताना पहिला प्रश्न एकच: सगळ्याच हालचाली मंदावल्या, की एखादीच? सगळ्या मंदावल्या तर तेलाची पातळी, फिल्टर आणि मग पंप तपासावा. फक्त बूम आपोआप खाली उतरत असेल, तर दोष बहुधा त्याच्या सिलिंडरच्या सीलमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये. एवढं पाहिलं तरी विनाकारण पंप खोलण्याचा मोठा खर्च वाचतो. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. काळा धूर येऊ लागला तर आधी एअर फिल्टर. उन्हाळ्यात मुरमाच्या धुळीने तो लवकर तुंबतो.

आणि कळकळीने सांगतो, पाइपाची गळती हाताने कधीही चाचपू नका. बारीक छिद्रातून दाबाने सुटलेलं तेल थेट कातडीत घुसतं. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी तडक रुग्णालय गाठा, नाहीतर हात गमावण्याची वेळ येते. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा. पाइप सोडवण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवून इंजिन बंद करा आणि दाब उतरवा.