पाळण्यात दिसलेले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. ते पाय पुढे कोणत्या वाटेने गेले, कुठे ठेचकाळले, याचा हिशेब मात्र म्हण ठेवीत नाही. मराठीचा अध्यापक म्हणून म्हणींबद्दल मला आदर आहे. तथापि फुटबॉलसारख्या निव्वळ पायांच्या खेळात ही म्हण फार जपून वापरावी, असे माझे मत होत चालले आहे.

घाना देशाच्या नी लॅम्प्टीचेच पाहा. १९९१ साली इटलीत सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा झाली. ती घानाने जिंकली आणि लॅम्प्टी सर्वोत्तम खेळाडू ठरला. साक्षात पेलेने त्याला आपला वारसदार म्हटले. पुढे बेल्जम, हॉलंड, इंग्लंड, इटली, अर्जेंटिना, तुर्कस्तान असा त्याचा प्रवास झाला. पण वारसा काही हाती आला नाही. शिक्षण तुटपुंजे, त्यामुळे करारात काय लिहिले आहे हे नीट न कळताच तो सह्या करीत गेला. पुढे याच माणसाने घानाच्या राजधानीत, आक्रा येथे, मुलांसाठी शाळा काढली. त्या शाळेमागे कोणते दुःख असेल, हे निराळे सांगायला नको.

दुसरा फ्रेडी अडू. २००४ मध्ये वयाच्या चौदाव्या वर्षी तो अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरला. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. अमेरिकेकडून तो अवघे सतरा सामने खेळला आणि नंतर पोर्तुगाल, ग्रीस, ब्राझील, फिनलंड असा संघामागून संघ बदलत राहिला.

असे का होते? सोळाव्या वर्षी ज्याला आपण प्रतिभा म्हणतो, ती पुष्कळदा केवळ लवकर आलेली वाढ असते. वयोगट १ जानेवारीपासून मोजला, की जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही त्याच गटात बसतो. तो उंच, दणकट असतो; निवड त्याची होते, शिक्षक त्याला मिळतात, सामने त्याला मिळतात. कॅनडातील हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा तपासताना १९८० च्या दशकात अभ्यासकांना ही गोष्ट आढळली. पुढे फुटबॉलमध्येही ती दिसून आली. विशीत सगळेच उंच होतात. मग कालचा ‘चमत्कार’ चारचौघांसारखा दिसू लागतो आणि आपण म्हणतो, ‘पोराच्या डोक्यात हवा गेली!’

डोक्यात हवा जाते, हे खोटे नव्हे. पण कधी कधी पायाखालची जमीनच जाते, त्याचे काय?

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या सीमेवर, मुळा नदीच्या पलीकडच्या काठाला, बालेवाडीची क्रीडानगरी आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ती उभी राहिली. तिथे फुटबॉलला चांगले दिवस आले होते. २००७ मध्ये पुणे एफसी निघाला. २००९-१० च्या आपल्या पहिल्याच आय-लीग मोसमात तो तिसरा आला आणि २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला. पण २०१५ नंतर तो दिसेनासा झाला. भारत एफसी एक मोसम खेळून थांबला. डीएसके शिवाजीयन्स दोन मोसम आय-लीग खेळला आणि २०१७ मध्ये संपला. २०१४ मध्ये आलेल्या एफसी पुणे सिटीने २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरी गाठली, आणि २०१९ मध्ये त्याचाही पडदा पडला. पाच वर्षांच्या आत चार संघ गेले! या संघांकडे डोळे लावून किती पोरे पहाटे सायकलींवरून सरावाला जात असतील, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही.

त्यांतला एक माझ्या वर्गात होता. सकाळच्या तासाला बुटांची पिशवी बाकाखाली ठेवून बसायचा. त्याची आई एकदा मला भेटायला आली. ‘सर, खेळू नको म्हणत नाही, पण बी.ए. तेवढं पुरं करायला सांगा,’ म्हणाली. मी सांगितले, आणि त्याने, नाखुशीने का होईना, पदवी घेतली. आज तो चाकणच्या एका कारखान्यात पाळीवर काम करतो. मध्यंतरी भेटला तेव्हा मी विचारले, ‘खेळ का रे सोडलास?’ तो शांतपणे म्हणाला, ‘सर, संघच राहिला नाही. खेळणार कुठं?’

याच्या उलट चित्र कोल्हापुरात आहे. तिथे फुटबॉल पेठांतल्या तालमींनी धरून ठेवला आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावे बापाने ऐकली, ती मुलगाही ऐकतो. शाहू स्टेडियम गर्दीने फुलते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. पण मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. जो अनिकेत होत नाही, त्यालाही तिथे पेठेची जर्सी असते. पाठ थोपटणारे लोक असतात. नोकरी सांभाळून तो खेळत राहतो. त्याला ‘वाया गेला’ असे कोणी म्हणत नाही.

आपल्या कारखान्यांच्या गावात माणसे दहा दिशांनी आली. इथे पेठा नाहीत, तालमींची परंपरा नाही; आहेत त्या सोसायट्या, वसाहती आणि कारखाने. त्यांना एखादे मैदान राखणे आणि रविवारचा एक संघ दहा वर्षे न मोडता चालवणे अवघड नसावे. मालकाच्या हिशेबावर चालणारा संघ मालकाचे गणित फिरले की मोडतो. शेजाऱ्यांनी चालवलेला सहसा तग धरतो.

आणि आईबापांनो, तुमच्या मुलाचे पाय चांगले दिसत असतील तर त्याला जरूर खेळू द्या. मात्र त्याच्या पायांवर साऱ्या घराची स्वप्ने लादू नका, आणि त्याची वह्या-पुस्तके माळ्यावर टाकू नका. विसाव्या वर्षी तो मागे पडलाच, तर घरात त्याच्याशी पूर्वीसारखेच बोला. बुटांची जोडी दारामागे राहू द्या. रविवारी लागेल.