मेंढा (लेखा) : ग्रामसभेची सत्ता आणि बांबूचा प्रश्न

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे सुमारे ५०० लोकवस्तीचे गोंड गाव. पंचायतराज व्यवस्थेच्या दृष्टीने ते लेखा या गटग्रामपंचायतीतील एक लहानसे गाव होते. तथापि भारतातील स्थानिक स्वशासनाच्या चर्चेत त्याचा उल्लेख अपरिहार्य ठरतो.

या परिसरातील जंगल पूर्वी जमीनदारांच्या ताब्यात होते. मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानंतर ते शासनाकडे गेले. सरपण, चराई, गौण वनोपज यांसाठीचे निस्तार हक्क कागदोपत्री राहिले. प्रत्यक्षात मात्र आपल्याच जंगलात गावकरी परके झाले. १९८० च्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टनम या नियोजित धरणांविरुद्ध जी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ चळवळ उभी राहिली, तिच्यातून या परिस्थितीची जाणीव तीव्र झाली. पुढे मेंढा येथे गावाचे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची पद्धत रूढ झाली. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहकार्याने चाललेल्या अभ्यासगटांत प्रश्नांची चर्चा होई, निर्णय मात्र ग्रामसभाच घेई. विचार आणि निर्णय यांची ही विभागणी या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय.

२००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावरील सामूहिक हक्क मेंढ्यास मिळाला. तरीही बांबूचा प्रश्न सुटला नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना ‘वृक्षा’त होत होती, तर वनहक्क कायद्यात तो ‘गौण वनोपज’ ठरला. पहिली व्याख्या ग्राह्य धरल्यास बांबू शासनाचा, दुसरी धरल्यास गावाचा! ग्रामसभेला बांबू तोडता येत असला तरी वाहतूक परवान्याअभावी तो गावाबाहेर नेता येत नव्हता. अर्थात विक्रीचा हक्क निष्फळ होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. १९२७ च्या व्याख्येतून बांबू वगळण्यास मात्र २०१७ साल उजाडावे लागले.

२०१३ मध्ये गावाने महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ चा आधार घेतला. जंगलावर सामूहिक हक्क असला तरी शेतजमीन वैयक्तिक मालकीची असल्याने ती बाहेरच्यांच्या हाती जाण्याची शक्यता होती. ग्रामदानात मालकी गावाकडे जाते, जमीन कसण्याचा हक्क कुटुंबाकडे राहतो, आणि गावाला स्वतंत्र पंचायतीचे अधिकार मिळण्याचा मार्गही खुला होतो.

कायद्याने दिलेला हक्क आणि तो वापरण्याचे साधन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मेंढ्याच्या इतिहासातून स्पष्ट होते. वनहक्काचा दाखला २००९ मध्ये मिळाला. त्या हक्काला अर्थ प्राप्त झाला तो परवान्याच्या एका पुस्तकाने.